हे क्यूब कुठल्या स्लॅबचे? साइटवरच्या क्वालिटीच्या नोंदी मोबाइलवर आणताना

लातूरच्या बाहेरच्या अंगाला तळमजला अधिक तीन अशी एक इमारत चालू होती. मी तिथे साइट इंजिनिअर, नोकरीचं दुसरं वर्ष. एका दुपारी लॅबमधून फोन आला की २८ दिवसांच्या तीन क्यूबचा, म्हणजे तपासणीसाठी भरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचा, निकाल कमी आलाय. काँक्रीट एम२५, म्हणजे ताकद चौरस मिलिमीटरला २५ न्यूटनची, आणि सरासरी २०.४. मी विचारलं, "कुठले क्यूब?" पलीकडून उत्तर आलं, "वर नुसतं 'स्लॅब' लिहिलंय, मॅडम. तारीख पुसलीय."

ते क्यूब भरले त्या आठवड्यात आम्ही दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबचे दोन भाग, जिना आणि टाकीचं झाकण, एवढं ओतलं होतं. रजिस्टर होतं, पण ते मी रोज संध्याकाळी आठवून भरायची. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटोही होते, त्यात ओलं करडं काँक्रीट आणि कुणाचे तरी गमबूट. ते अंबाजोगाईच्या साइटचे आहेत म्हणून सांगितलं असतं तरी कुणी हरकत घेतली नसती. चारही ठिकाणी रिबाउंड हॅमर (ठोकून ताकदीचा अंदाज देणारं यंत्र) मारला, जिथे शंका वाटली तिथे कोअर, म्हणजे काँक्रीटचे गोल तुकडे, कापून काढले, आणि अकरा दिवस वरचं काम थांबलं. दोष निघाला जिन्याच्या काँक्रीटमध्ये. बाकी तीन ठिकाणं चांगली होती, पण ते सिद्ध करायला माझ्याकडे कागदाचा एक चिटोराही नव्हता.

गेली सहा वर्षं मी जालना, परभणी, नांदेडकडच्या लहान ठेकेदारांच्या साइटवर क्वालिटीच्या नोंदी मोबाइलवर आणून देते. समृद्धी महामार्गासारख्या मोठ्या कामावर गेलात तर सहसा कन्सल्टंटचं सॉफ्टवेअर तयार असतं, तुम्हाला लॉगिन मिळतं आणि ट्रेनिंगही. हा लेख त्यांच्यासाठी नाही. एक-दोन इंजिनिअर, एक सुपरवायझर, वीस-पन्नास माणसं आणि महिन्याला सॉफ्टवेअरचे पैसे भरायची मालकाची तयारी नाही, अशा साइटवर जे नव्याने रुजू झालेत त्यांच्यासाठी आहे.

आधी हाताशी काय हवं

सामान फार लागत नाही.

- एक अँड्रॉइड फोन, कॅमेरा बरा असलेला. शक्यतो साइटचा, कुणाच्या खिशातला नको.
- फर्मच्या नावाचं गूगल खातं.
- शाळेची पाटी आणि खडू. गंमत नाही, पुढे सांगते.
- ऑइल पेंटचा मार्कर, मीटर टेप, किराणा दुकानात असतो तसला छोटा डिजिटल काटा.
- स्लम्प कोन (ओलं काँक्रीट किती घट्ट-पातळ, म्हणजे स्लम्प, ते मोजायला) आणि १५० मिमीचे क्यूब मोल्ड, निदान बारा.

कागद मात्र सगळे लागतील, आणि पहिल्याच दिवशी मागून घ्या. स्ट्रक्चरल ड्रॉइंगची ताजी सुधारित प्रत (जुनी प्रत साइटवरून काढूनच टाका), मिक्स डिझाइनचा रिपोर्ट, सिमेंट आणि स्टीलचे कंपनीचे टेस्ट सर्टिफिकेट, आरएमसी (प्लांटमधून तयार येणारं काँक्रीट) असेल तर प्लांटच्या चलनाचा नमुना, आणि ज्या लॅबला क्यूब जाणार तिच्या मशिनचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट. हे शेवटचं मागितलं की लॅबवाले जरा चमकतात. तरी मागा.

१. सगळ्यात आधी पत्ते ठरवा

नवीन माणूस अ‍ॅप शोधण्यापासून सुरुवात करतो. मीही तेच केलं होतं. चार अ‍ॅप टाकली, चारही काढली, कारण प्रत्येक अ‍ॅप पहिला प्रश्न हाच विचारायचं की जागा कोणती, आणि आमच्या साइटवर एकाच जागेला तीन नावं होती. ड्रॉइंगवर जो "सी ७" कॉलम, तो सेंट्रिंगवाल्यासाठी "लिफ्टजवळचा" आणि मालकासाठी "पाटलांच्या बाजूचा कोपरा".

म्हणून एक सबंध दुपार काढा, ड्रॉइंग पसरा आणि इमारतीतल्या प्रत्येक घटकाला एकच पत्ता द्या. मी चार तुकड्यांत देते: इमारत, मजला, घटक, क्रमांक किंवा भाग. उदाहरणार्थ 'ए-२-स्लॅब-पूर्व', 'ए-०-कॉलम-७', 'बी-१-जिना-१'. स्लॅब दोन दिवसांत ओतणार असाल तर त्याचे भाग आधीच पाडून ठेवा, आणि जोड कुठे येणार ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच.

ही यादी शीटच्या एका पानावर टाकायची. बाकी सगळ्या नोंदींत पत्ता या यादीतूनच निवडायचा, हाताने टाइप करायचा नाही. गूगल शीटमध्ये 'डेटा व्हॅलिडेशन' म्हणून सोय आहे, तिने ड्रॉपडाउन बनतो. हाताने लिहायची मुभा ठेवलीत की महिन्याभरात 'स्लॅब पूर्व', 'पूर्व स्लॅब', 'इस्ट स्लॅब' आणि 'स्लॅब १' अशी चार बाळं जन्माला येतात आणि शोध लावताना एकही सापडत नाही.

आता ती पाटी. प्रत्येक फोटोत पाटी दिसली पाहिजे आणि पाटीवर पत्ता आणि तारीख. जीपीएसचा शिक्का मारणारी कॅमेरा अ‍ॅप वापरा, चांगली असतात, पण त्यांनी फार तर साइट कळते, साइटवरचा कॉलम कळत नाही. पहिल्या दिवशी आमचा मुकादम म्हणाला, "मॅडम, लग्नातले फोटू काढल्यावानी काढायलात की!" आठवड्याभरात तो स्वतःच पाटी पुसून नवा पत्ता लिहून उभा राहायला लागला. अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे त्याचं.

२. खातं फर्मच्या नावाने

इंजिनिअरच्या स्वतःच्या जीमेलवर शीट बनवली आणि तो दिवाळीनंतर पुण्याला गेला, की शीटही पुण्याला जाते. मी हे दोन साइटवर पाहिलंय. शीटची मालकी फर्मच्या खात्याची, पासवर्ड फर्मकडे, बाकीच्यांना फक्त शेअर.

फुकटच्या खात्यात १५ जीबी जागा असते आणि मेल, फोटो, ड्राइव्ह सगळे त्यातच वाटेकरी. एक फोटो ३ एमबीचा धरला तर साधारण पाच हजार फोटोंत ती भरते. कॅमेऱ्याचं रिझोल्यूशन मध्यम ठेवा. टेपवरचा आकडा वाचता आला म्हणजे झालं.

शीट उघडल्या उघडल्या फाइलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन लोकेल 'इंडिया' करा. ही एक ओळ वगळू नका. माझ्या एका शीटचं लोकेल अमेरिकेचं राहिलं होतं. तिथे महिना आधी, दिवस नंतर. मी ०५/०४ लिहिलं ५ एप्रिल म्हणून, शीटने घेतलं ४ मे. आणि १३/०४ ला तर तेरावा महिनाच नाही, म्हणून तिने ती तारीख न मानता नुसता मजकूर म्हणून ठेवून दिली. म्हणजे महिन्यातल्या पहिल्या बारा दिवसांचे क्यूब चुकीच्या दिवशी तपासायला सांगितले जात होते आणि बाकीच्यांच्या पुढे एरर.

३. नोंदी पाचच ठेवा

इंटरनेटवर चाळीस-चाळीस चेकलिस्टचे संच मिळतात. त्या मोहात पडू नका. चाळीस फॉर्म असले की एकही भरला जात नाही. मी पाचच ठेवते:

- माल आवक
- काँक्रीट ओतण्यापूर्वीची तपासणी
- पोर कार्ड, म्हणजे ओतताना काय झालं त्याची नोंद
- क्यूब रजिस्टर
- त्रुटी रजिस्टर

माल आवकबद्दल थोडक्यात. सिमेंटच्या गोणीवर बनल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, त्याचा फोटो आणि गोण्यांची संख्या. साठवून तीन महिने उलटले तर ते सिमेंट पुन्हा तपासल्याशिवाय वापरायचं नाही, म्हणून शीटमध्ये त्या तारखेला रांग लाल होईल असं 'कंडिशनल फॉरमॅटिंग' लावून ठेवा. सळईचं म्हणाल तर एक मीटरचा तुकडा कापा आणि काट्यावर टाका. मिमीमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे किलोतलं वजन. १२ मिमीची सळई मीटरला सुमारे ८८८ ग्रॅम भरायला हवी. सळईच्या आयएस १७८६ या भारतीय मानकाप्रमाणे या व्यासाच्या लॉटला पाच टक्के मागेपुढे चालतं, म्हणजे साधारण ८४४ ते ९३२. काट्यावरचा आकडा दिसेल असा फोटो काढा. एकदा हे करताना पुरवठादाराच्या ड्रायव्हरने पाहिलं, आणि पुढच्या खेपेपासून सळईसोबतचे कागद न मागता यायला लागले.

आता गोदावरीची वाळू मिळणं अवघड झाल्यापासून बहुतेक साइटवर क्रश सँड येते. तिच्यात धूळ किती यावर स्लम्प बदलतो, म्हणून कुठल्या क्रशरचा माल ते प्रत्येक खेपेला लिहा. नुसतं "क्रश सँड, १ गाडी" नको.

४. ओतण्यापूर्वीची तपासणी: इथे घाई करू नका

सगळी व्यवस्था सोडून एकच गोष्ट करायची झाली तर ही करा. काँक्रीट पडलं की आत काय आहे ते झाकलं जातं. पुढे वाद झाला तर तुमच्याकडे असतो तो फक्त हा फॉर्म.

फॉर्ममध्ये 'हो / नाही'चे प्रश्न ठेवू नका. "कव्हर बरोबर आहे का?" (कव्हर म्हणजे सळईबाहेरच्या काँक्रीटची जाडी) याला साइटवर एकच उत्तर मिळतं, हो. "कव्हर किती मिमी?" विचारलं की माणसाला वाकून टेप लावावी लागते. माझ्या स्लॅबच्या फॉर्ममधले प्रश्न असे आहेत:

- ड्रॉइंगचा सुधारणा क्रमांक?
- मुख्य सळईचा व्यास आणि दोन सळ्यांमधलं अंतर, तीन ठिकाणी मोजून, मिमीमध्ये?
- कव्हर, तीन ठिकाणी, मिमीमध्ये?
- बीममधल्या रिंगांचं (मुख्य सळ्यांभोवतीच्या कड्यांचं) अंतर, टोकाजवळ आणि मध्ये वेगवेगळं?
- रिंगांचे हूक किती अंशाचे?
- शटरिंगची लेव्हल आणि टेकूंमधलं अंतर?
- इलेक्ट्रिकचे पाइप कुठून गेले, फोटो?
- व्हायब्रेटर चालू करून पाहिला का, आणि दुसरा आहे का?

हूकच्या प्रश्नाला नव्या मुलांकडून उत्तर येतं "वाकवलेत". १३५ अंशाचे हवेत, टोक काँक्रीटच्या आत गेलेलं. ९० अंशाची रिंग हादऱ्यात उघडते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला जे झालं त्यात दगड-मातीच्या जाड भिंतींची घरं पडली, हे खरं. पण त्यानंतर आपल्याकडच्या घराघरांत जे आरसीसी आलं, ते "आता भूकंपाला काही होत नाही" या भरवशावर आलं. तो भरवसा त्या रिंगेच्या वाकवण्यावर उभा आहे. लातूर-धाराशिवकडच्या फिटरला हे समजावताना फार बोलावं लागत नाही, बहुतेकांच्या घरात कुणीतरी त्या रात्रीचं सांगणारं असतं.

फॉर्म भरला म्हणजे ओतायला परवानगी, असं मात्र नाही. फॉर्म भरणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा. शीटमध्ये 'मंजूर' हा रकाना सुरक्षित करून ठेवा, म्हणजे तो ठरावीक खात्यालाच बदलता येईल. आणि आरएमसीची गाडी बोलावण्याचा फोन मंजुरीनंतरच. गाड्या गेटवर येऊन उभ्या राहिल्या की कुठल्याच साइटवर कुणी "थांबा" म्हणत नाही, तुम्हीही म्हणणार नाही. त्यामुळे तपासणी आदल्या दिवशी दुपारी, मे महिन्यात असेल तर आदल्या दिवशी सकाळी. बेचाळीस अंशात स्लॅबवर टेप घेऊन वाकलेला माणूस तीनऐवजी एकाच ठिकाणी मोजतो.

नेटवर्कचं काय? गूगल फॉर्म नेटशिवाय भरता येत नाही. त्यात फोटो जोडायचा असेल तर भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिनही करावं लागतं, आणि तिथे बरेच सुपरवायझर अडकतात. गावाबाहेरच्या साइटसाठी, तळघरात काम असेल तर शहरातही, ओडीके कलेक्ट किंवा कोबोकलेक्ट बघा. ही मुळात सर्वेक्षणासाठीची अ‍ॅप आहेत. फॉर्म ऑफलाइन भरतात, फोटो फोनमध्ये धरून ठेवतात आणि नेट मिळालं की पाठवतात. फॉर्म बनवायला सुरुवातीला एक दिवस जातो. मी पहिला फॉर्म दोन रात्री जागून बनवला होता आणि त्यातला पत्त्याचा ड्रॉपडाउन उलटा लागला होता, त्यामुळे घाबरू नका.

५. पोर कार्ड आणि क्यूब

पोर कार्डमध्ये प्रत्येक गाडीची एक रांग: चलन क्रमांक, प्लांटमधून निघाल्याची वेळ, साइटवर आल्याची वेळ, रिकामी झाल्याची वेळ, स्लम्प, आणि ती गाडी कुठल्या पत्त्यावर रिकामी झाली. शिवाय एक रकाना असा ठेवा: "साइटवर पाणी घातलं का, किती?" हा प्रश्न लिहिलेला असला की ड्रायव्हरला पाइप दाखवणारा माणूस दोनदा विचार करतो. चलनाचा फोटो गाडी गेटमधून आत येतानाच काढा. नंतर ते चलन डिझेलच्या हातांनी कुठल्या खिशात जातं ते कुणालाच माहीत नसतं.

साइटवर मिक्सर लावून ओतत असाल तर गाडीऐवजी तासाची रांग करा.

क्यूब किती घ्यायचे, हे काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकाच्या २००० च्या आवृत्तीत दिलंय. ५ घनमीटरपर्यंत एक सॅम्पल, ६ ते १५ ला दोन, १६ ते ३० ला तीन, ३१ ते ५० ला चार, आणि त्यापुढे दर ५० घनमीटरला एक जास्त. एका सॅम्पलचे तीन क्यूब. सात दिवसांचा निकाल हवा असेल तर त्याचे क्यूब वेगळे. ४८ घनमीटरचा स्लॅब म्हणजे चार सॅम्पल, २८ दिवसांचेच बारा क्यूब. "तीन काढले की झालं" असं सांगणारे भेटतील.

क्यूबवर नाव लिहायची जागा आणि वेळ महत्त्वाची. मोल्ड भरल्यावर वरचा भाग थोडा आवळला की खिळ्याने क्रमांक कोरा, आणि दुसऱ्या दिवशी मोल्ड उघडल्यावर ऑइल पेंटने बाजूला पुन्हा लिहा. कागदाची चिठ्ठी हौदात विरघळते. खडूचं तर बोलायलाच नको, माझे ते लातूरचे क्यूब खडूवालेच होते. क्यूबवर अख्खा पत्ता मावत नाही, म्हणून एक चालू क्रमांक द्यायचा, समजा १४७, आणि शीटमध्ये १४७ पुढे पत्ता, तारीख, गाडीचं चलन. हा क्रमांक कधीच पुन्हा वापरायचा नाही, इमारत बदलली तरी.

क्यूबचा हौद सावलीत हवा. पाणी २७ अंशांच्या आसपास, दोन अंश इकडेतिकडे, असं मानक सांगतं. आपल्याकडे उन्हाळ्यात उघड्यावरच्या टाकीतलं पाणी त्याच्या कितीतरी वर जातं. पत्र्याखाली नको, पत्राही तापतो. जिन्याखालची जागा बरी.

आता शीटमधली गणितं, ही एकदाच लिहायची असतात. ओतल्याची तारीख अधिक २८, हा तपासणीचा दिवस. लॅबकडून भार किलोन्यूटनमध्ये मागा, नुसती ताकद नको. भार गुणिले १००० भागिले २२५००, कारण क्यूबची बाजू १५० गुणिले १५०. भार ६४० आला तर २८.४.

एक उदाहरण देते, ते नीट बघा. एम२५ च्या एका सॅम्पलचे तीन भार आले ६४०, ६५५ आणि ५००. ताकद २८.४, २९.१ आणि २२.२. सरासरी २६.६. पास झालं म्हणून आनंद होतो. पण तिघांपैकी कुणीही सरासरीपासून १५ टक्क्यांपेक्षा जास्त दूर असता कामा नये आणि तिसरा १६ टक्क्यांहून खाली आहे. म्हणजे हे सॅम्पलच बाद, निकाल धरताच येत नाही. डोळ्याला हे दिसत नाही, शीटला एका सूत्रात दिसतं. आणखी दोन सूत्रं टाका: एकेका सॅम्पलचा निकाल ग्रेडपेक्षा ३ हून जास्तने कमी झाला, म्हणजे एम२५ ला २२ च्या खाली गेला, तर लाल. आणि लागोपाठच्या चार सॅम्पलची सरासरी ग्रेड अधिक ३ च्या खाली गेली तर पिवळं. (प्रमाण विचलन काढलेलं असेल तर त्याच्या ०.८२५ पटीचाही हिशेब लागतो, तो स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लावून घ्या. तुमच्या टेंडरमध्ये याहून कडक अट असेल तर ती धरा.)

लाल झालं म्हणजे लगेच तोडफोड नाही. कोअर काढायची वेळ आली तर किमान तीन लागतात. त्यांची सरासरी त्या ग्रेडच्या क्यूब ताकदीच्या ८५ टक्क्यांना पोचली आणि एकही ७५ टक्क्यांखाली नसला तर काँक्रीट चालतं. पण कोअर कुठे मारायचा हे सांगता आलं पाहिजे, आणि ते सांगतो पत्ता.

अठ्ठाविसावा दिवस पोळ्याला, दिवाळीला किंवा रविवारी येतो आणि लॅब बंद असते. शीटला आठवडा आधी दाखवायला लावा, लॅबशी बोलून घ्या. आणि तपासणी तिसाव्या दिवशी झाली तर ३० लिहा. २८ लिहून टाकायचा मोह होतो, लॅबच्या पावतीवरची तारीख मात्र वेगळीच असते.

६. पाणी मारल्याची नोंद

मराठवाड्यात हे वेगळं लिहावंच लागतं. साध्या ओपीसी सिमेंटला किमान सात दिवस पाणी, हवा कोरडी-गरम असेल तर दहा. पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) असेल, आणि आपल्याकडे बहुतेक तेच असतं, तर किमान दहा आणि जमलं तर चौदा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, त्या गावात माणसांना प्यायला नसताना कॉलमला कोण पाणी घालणार? आजही मार्चनंतर टँकर एक दिवस चुकतो आणि ती गोष्ट कुणी लिहीत नाही.

मी काय करते तर प्रत्येक कॉलमला गोणपाट गुंडाळल्यावर त्यावर एक लॅमिनेट केलेला क्यूआर कोड बांधते. तो स्कॅन केला की त्याच कॉलमचा फॉर्म उघडतो, पत्ता आधीच भरलेला, फक्त "ओलं / कोरडं" आणि फोटो. वेळ दुपारी दोन ते तीन. सकाळी आठला सगळंच ओलं असतं. शीटमध्ये दिवस मोजले जातात आणि एक दिवस 'कोरडं' आलं की मालकाला दिसतं. टँकर सांगायची जबाबदारी त्याची, म्हणून त्यालाच दिसलं पाहिजे. पहिल्यांदा हे चालू केलं तेव्हा मालक चिडले. दुसऱ्या आठवड्यात टँकर वेळेवर यायला लागला.

बोअरचं पाणी वापरत असाल तर एकदा लॅबमधून तपासून घ्या आणि रिपोर्ट त्याच फोल्डरात. पीएच ६ पेक्षा कमी नको. आरसीसीसाठी क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत. उन्हाळ्यात बोअर खोल गेलं की चव बदलते, तेव्हा परत तपासा.

७. त्रुटी रजिस्टर

हनीकोंब (काँक्रीटमध्ये राहिलेली पोकळ, जाळीदार जागा), वाकडा कॉलम, गळती, राहिलेली सळई. प्रत्येक त्रुटीला पत्ता, फोटो, कुणी दुरुस्त करायची, कधीपर्यंत. दुरुस्तीनंतरचा फोटो त्याच कोनातून, पाटीसह. ज्याने दुरुस्त केलं त्याने 'बंद' करायचं नाही, दुसऱ्याने बघून करायचं.

इथला सापळा म्हणजे त्रुटी रजिस्टर हे माणसांवर आळ घ्यायचं हत्यार बनतं. एका साइटवर मालकाने त्यावरून गवंड्याचे पैसे कापले. दुसऱ्या दिवसापासून त्रुटीच दिसेनाशा झाल्या. हनीकोंबवर सकाळी सातच्या आत सिमेंट चोपडून मोकळे. ठेकेदाराशी आधी ठरवून घ्या: स्वतःहून सांगितलेल्या त्रुटीचे पैसे कापायचे नाहीत, लपवलेली सापडली तर कापा.

८. माणसं

फॉर्म मराठीत करा, आणि साइटच्या मराठीत. 'प्रबलन पोलादाचे आच्छादन' असं लिहिलेला एक फॉर्म मी पाहिलाय. सुपरवायझरने तो उघडला, वाचला आणि फोन खिशात ठेवला. 'सळईचं कव्हर' लिहा. टाइप करायचा कंटाळा असेल तर कीबोर्डच्या माइकवर बोलून मराठीत लिहिता येतं, मिक्सर बंद असताना.

व्हॉट्सअ‍ॅप बंद करायला सांगू नका, ते कुणी ऐकणार नाही. तिथे गप्पा आणि निरोप चालू द्या. पण नोंद म्हणून ते धरू नका. फोटो दाबून छोटा होतो, त्याच्यातली मूळ तारीख-जागेची माहिती निघून जाते, आणि फोन बदलला की गेलं. अगदीच पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

९. शनिवारचा अर्धा तास

नोंदी भरल्या जातात आणि कुणी वाचत नाही, मग भरणाऱ्यालाही ते कळतं. शनिवारी संध्याकाळी पगाराआधी शीट उघडून बसा. लालपेक्षा जास्त मी गुळगुळीत आकडे शोधते. एका साइटवर सलग एकोणीस गाड्यांचा स्लम्प १०० होता. स्लम्प कोन पाहिला तर त्यात कोळ्याचं जाळं. सगळ्या तपासण्या ५ वाजून ४० मिनिटं ते ५ वाजून ५५ मिनिटं या वेळात भरलेल्या असतील तर त्या जागेवर भरलेल्या नाहीत. फॉर्मला वेळ आपोआप लागते. रागावण्याआधी त्या माणसाकडे साइटवर फोन चार्ज करायला जागा आहे का ते बघा. आमच्याकडे नव्हती.

शीटमध्ये कुणी आकडा बदलला तर 'व्हर्जन हिस्टरी'त जुना दिसतो, हे सगळ्यांना पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा.

महिन्यातून एकदा सगळी शीट आणि फोटो पेन ड्राइव्हवर उतरवा, ऑफिसच्या कपाटात.

१०. ताबा देताना

रेरा कायद्यात ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर आहे. तेवढा काळ या नोंदी सापडायला हव्यात. लिंक देऊन भागत नाही, लिंक मरतात. प्रत्येक पत्त्याची एक पीडीएफ बनवा: तपासणी, पोर कार्ड, क्यूबचे निकाल, पाण्याचे दिवस, त्रुटी आणि त्यांची दुरुस्ती. फाइलचं नाव म्हणजे तोच पत्ता, 'ए-२-स्लॅब-पूर्व'. एक प्रत मालकाला, एक स्ट्रक्चरल इंजिनिअरला, एक सोसायटीच्या अध्यक्षांना. इलेक्ट्रिकच्या पाइपांचे फोटो वेगळ्या फोल्डरात टाका. ताबा दिल्यावर पहिला फोन येतो तो क्यूबसाठी येत नाही, "मॅडम, भिंतीत ड्रिल मारायचंय, वायर कुठून गेलीय?" यासाठी येतो.